जत्रेच्या सोमवारचे गरम पाणी

मित्रांनो, माझ्या तळाला सायकलच्या ट्यूबची तीन ठिगळे आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहणारा प्रत्येक जण तेवढेच पाहतो आणि हसतो. हसू देत. मी जस्त चढवलेल्या पत्र्याचा टब आहे, वयाने तुमच्या आजोबांपेक्षाही मोठा. बेल्जियममधल्या आमच्या फ्लँडर्सच्या सायकल शर्यतींचे वीर तुम्ही चित्रांत पाहिले असतील. हात उंचावून, दात दाखवत ते रेषा ओलांडत असतात. मी त्यांना तसे कधीच पाहिले नाही. मी त्यांना पाहिले ते त्यानंतर, बूट काढल्यावर. माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी पायांवरून ओळखतो. पाय सहसा खोटे बोलत नाहीत.

माझा जन्म कोर्ट्राइकच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकले, वाकवले आणि वितळलेल्या जस्तात बुचकळून काढले. अंगावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी उमटली, तेव्हा मला वाटले होते की आपण आता कुठल्या तरी मोठ्या घरी जाणार. गेलो वोसेबेके नावाच्या खेड्यात, जवसाच्या गिरणीतल्या एका कामगाराच्या घरी. शनिवारी घरातले सगळे माझ्यात ओळीने अंघोळ करायचे. पहिला बाप आणि शेवटी धाकटे पोर, पाणी मात्र तेच. सोमवारी धुणे. युद्धाच्या काळात तर साबण मिळेना, तेव्हा माझ्यात बटाटेच जास्त राहिले. वर्षातला एकच दिवस मी या सगळ्यातून सुटायचो. तो म्हणजे जत्रेचा सोमवार.

आमच्या भागात जत्रा म्हटली की पाळणे, बिअर आणि सायकल शर्यत. वसंतातली मोठी शर्यत, जिला सगळे रोंडे म्हणतात, ती साऱ्या फ्लँडर्सची. पण जत्रेची शर्यत गावाची स्वतःची. त्याच त्या रस्त्यावर फेऱ्यांवर फेऱ्या, चौकातून टेकडीवर, टेकडीवरून दगडी रस्त्याने खाली आणि पुन्हा चौकात. त्या रस्त्याच्या गोल दगडांना आमच्याकडे पोरांची डोकी म्हणतात. रोंडे जिंकणारे मोठमोठे गडी आधी अशाच गल्ल्यांत पडून, सोलपटून, शिव्या खाऊन तयार झाले. स्पर्धक सकाळी यायचे आणि दारोदार विचारत फिरायचे, "इथे कपडे बदलता येतील का? धुवायला पाणी मिळेल का?" ज्या घराने हो म्हटले ते त्याचे धुण्याचे घर. शर्यत संपली की गडी तिथे परत यायचा, चुलीपाशी टब आणि मऊ तपकिरी साबण तयार असायचा.

स्पर्धकांपैकी माझ्यात पहिल्यांदा पाय बुडवले ते युद्धाआधीच्या एका गड्याने. खांद्यांवर आडवेतिडवे टायर गुंडाळलेले, तोंड चिखलाने असे काळे की डोळे तेवढे दिसावेत. तेव्हा रस्त्यात पंक्चर झाले तर ज्याचे त्याने काढायचे, मदतीला कुणी येत नसे. वर्तमानपत्रवाले अशा गड्यांना फ्लँड्रियन म्हणत. वारा, पाऊस आणि दगड यांना जो मोजत नाही तो फ्लँड्रियन. मला विचाराल तर ते सगळे मोजायचे. फक्त पाणी अंगावर पडेपर्यंत कण्हायचे नाहीत.

पुढे त्या घरातला मुलगा ओदिल याचे लग्न झाले आणि झुल्मा घरात आली. ओदिलही बापासारखाच गिरणीत कामाला होता. झुल्मा बुटकी, रुंद हातांची, कमी बोलणारी. त्या दोघांना मूल झाले नाही. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण जत्रेचा सोमवार जवळ आला की झुल्मा मला वाळूने घासून घासून असे चकचकीत करायची की मलाच लाज वाटावी.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. शर्यत जिंकणाऱ्याने आधी आपल्या धुण्याच्या घरी जाऊन तोंड आणि पाय धुवायचे, मग चौकात परत येऊन फुलांचा गुच्छ घ्यायचा. गुच्छ नगराध्यक्षांची बायको द्यायची आणि गालांचे मुके घ्यायची, आणि चिखलाच्या गालाचा मुका घेणार नाही असे तिने कधीतरी ठणकावून सांगितले होते. तो गुच्छ मग गडी आपल्या धुण्याच्या घरच्या बाईला देऊन टाकायचा. गुच्छ एवढा मोठा की घरातल्या कुठल्याच भांड्यात मावत नसे. तो रात्रभर टबात ठेवायचा आणि सकाळी खिडकीत. आठवडाभर गाव त्या खिडकीखालून जायचे. मित्रांनो, मला आयुष्यात दुसरे काही नको होते. एकदा, फक्त एकदा, माझ्यात ती फुले असावीत.

पण आमचे घर पडले गल्लीच्या टोकाला, डुकरांच्या खोपटाशेजारी. चांगले गडी चौकाजवळची घरे आधीच धरायचे. आमच्या शेजारची आलिदा तर विजेत्यांना ओढूनच आणायची. तिच्या कपाटावर गुच्छांच्या फिती टांगलेल्या होत्या.

"काय गं झुल्मा, यंदा कोण आलंय तुझ्याकडे?" ती कुंपणावरून विचारायची. "लंगडा की आंधळा?"

"जो येईल तो. पाय सगळ्यांना दोनच असतात," झुल्मा म्हणायची आणि चुलीत लाकूड सरकवायची.

एका वर्षी शर्यत सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि दारात एक पोरसवदा गडी उभा राहिला. खांदे रुंद, हातात दोरीने बांधलेली बॅग. पलीकडच्या गावी वीटभट्टीवर काम करायचा. नाव फिर्मिन.

"मावशी, कुठंच जागा नाही. डुकरांच्या खोपटात धुतलं तरी चालेल मला."

"तुला चालेल रे, डुकरांना चालायला हवं ना," झुल्मा म्हणाली. "ये आत. बूट दारात काढ."

त्या दिवशी तो सर्वांत शेवटी आला. त्याने पाय माझ्यात घातले तेव्हा पाणी विटांच्या मातीने लाल झाले. पाऊल रुंद, डाव्या अंगठ्याचे नख कुठल्याशा विटेखाली गेलेले. तो मान खाली घालून बसला होता. इतर घरांत बायका पहिला प्रश्न विचारायच्या, "कितवा आलास?" झुल्माने तो प्रश्न कधीच कुणाला विचारला नाही. ती वाकून कोपराने पाण्याचा अंदाज घ्यायची आणि एवढेच म्हणायची, "पाणी गरम आहे." त्या दिवशीही तेच म्हणाली. मग तिने त्याच्यापुढे केशर घातलेल्या तांदळाच्या खिरीची बशी ठेवली, वर तपकिरी साखर. फिर्मिनने ती बशी चाटून पुसून साफ केली आणि रडला. रडताना खाता येते हे मला तेव्हा कळले.

पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाच्या दारात गेलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर वर्षी थोडा थोडा पुढे येत गेला. ओदिलशी त्याचे चांगले जमले. दोघे खुर्च्या टाकून बसत आणि टायर पारखत, कुठले रबर दगडांवर टिकते आणि कुठले नाही यावर हुज्जत घालत. झुल्मा म्हणायची, "तुमचं झालं असेल तर जेवा आता." घरात तेव्हा कसे भरल्यासारखे वाटायचे.

"मावशी," एकदा फिर्मिन पाय पुसत म्हणाला, "एक ना एक दिवस मी तुझ्या या टबात फुलं ठेवतो की नाही बघ. आलिदाकाकूची तोंडं बंद करतो."

"तिला तोंड एकच आहे," झुल्मा म्हणाली, "पण ते बंद होणारं नाही."

ती हसली. मीही हसलो असतो, जस्ताला हसता आले असते तर.

आता त्या वर्षाचे सांगतो. सांगायला आवडत नाही, पण टाळले तर माझ्या गोष्टीत उरते काय?

शर्यतीची घंटा ओदिलकडे होती. चौकातल्या कॅफेसमोर एका खांबाला ती टांगलेली असे. पुढचा गडी शेवटच्या फेरीला निघाला की ती वाजवायची. आधी ते काम ओदिलच्या बापाचे होते, मग ओदिलचे, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. त्या दिवशी तो रविवारची हॅट घालायचा. गावात आणखी एक रीत होती. ज्याच्या घरी धुणारा गडी शर्यतीत पुढे असेल, त्या घरच्या पुरुषाला कॅफेकडून दर फेरीला एक बिअर. आमच्या घरचा गडी कधी पुढे नसायचाच, त्यामुळे ओदिलला त्या फुकट बिअरचा कधी त्रास झाला नव्हता.

त्या वर्षी पाऊस होता. पहिल्या काही फेऱ्यांतच फिर्मिन एकटा निसटला आणि पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही. प्रत्येक फेरीला तो पुढे, प्रत्येक फेरीला लोक ओरडत आणि प्रत्येक फेरीला ओदिलच्या हातात नवा ग्लास. नाही म्हणणे आमच्याकडे अपमान समजतात. फिर्मिन जितका पुढे जात होता तितका ओदिल हेलकावत होता. हे मी पाहिले नाही, मी चुलीजवळ होतो. पण दार उघडे होते आणि गलका ऐकू येत होता. झुल्मा दारात जाई, परत येई, पाण्यात कोपर घाली, पुन्हा दारात जाई.

मग घंटा वाजली. झुल्माने छातीवर क्रूसाची खूण केली. आता एक फेरी आणि संपले.

ती फेरीही झाली. चौकातून मोठा ओरडा ऐकू आला, बँड सुरू झाला आणि थोड्याच वेळात फिर्मिन दारातून आत आला. चेहरा म्हणजे नुसता चिखल, त्यातून दात चमकत होते.

"मावशी! झालं! झालं गं!"

"अरे आधी बूट काढ," ती म्हणाली.

त्याने पाय माझ्यात सोडले. मित्रांनो, मी किती पायांना पाणी दिले असेल, पण असे पाय मी पुन्हा अनुभवले नाहीत. ते थरथरत होते, पण थकव्याने नव्हे. झुल्माने गुडघे टेकले आणि साबण हातात घेऊन त्याच्या पोटऱ्यांवरची माती स्वतः चोळून काढू लागली.  तेवढी काही मिनिटे आम्ही तिघे सगळ्या फ्लँडर्समधले सर्वांत सुखी जीव होतो.

मग बाहेर चाकांचा आवाज आला. एक नाही, पुष्कळ चाके, ओल्या दगडांवरून चरचरत गेलेली. आणि बँड थांबला. फिर्मिनने मान वर केली.

दार ढकलून आलिदा आत आली. प्रथमच तिच्या तोंडी टोमणा नव्हता. "फिर्मिन! ऊठ! अरे, अजून एक फेरी आहे! घंटा एक फेरी आधी वाजली! पंचांनी बाकीच्यांना पुढं सोडलंय!"

 तो माझ्यातून असा उठला की अर्धे पाणी जमिनीवर सांडले. बूट घालायला वेळ नव्हता. तो अनवाणी सायकलवर बसला आणि गेला. झुल्मा गुडघ्यांवर तशीच होती, हातात साबण. तिला उठायचे भानच राहिले नाही.

तो परत आला तेव्हा कितवा आला हे विचारायची गरजच नव्हती. उजव्या तळव्याला पॅडलने खोल चीर पडली होती. आलिदाच्या घरी फुले गेली होती. फिर्मिन आत आला, पण माझ्याकडे वळला नाही. त्याने बॅग उचलली. दारात ओदिल उभा होता, हॅट हातात, केस पावसाने कपाळावर चिकटलेले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची त्याची हिंमत होत नव्हती. 

फिर्मिन त्याच्यासमोर थांबला. "काय ओदिलकाका," तो शांतपणे म्हणाला, "बिअर चांगली होती ना? माझ्याच नावाची होती."

एवढेच बोलला आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या, मला लाथ मारली असती, तर सगळे त्याच दिवशी मिटले असते. पण आमच्याकडची माणसे अशी ओरडून मोकळी होत नाहीत. एक वाक्य बोलतात आणि ते उरलेल्या आयुष्याला पुरवतात.

पुढच्या वर्षी जत्रेच्या सोमवारी झुल्माने मला घासले, पाणी तापवले. दुसरे दोघे गडी दार ठोठावून गेले. "जागा नाही," ती म्हणाली. "आमचा येणार आहे." तो आला नाही. नंतर कळले की तो त्या दिवशी दुसऱ्या गावच्या शर्यतीत होता. त्याच्या पुढच्या वर्षीही पाणी तापले आणि निवले. ओदिलने घंटेला पुन्हा हात लावला नाही. जत्रेच्या दिवशी तो सकाळीच मागच्या दाराने शेतात निघून जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा.

इकडे फिर्मिन मोठा होत गेला. तो रोंडेत उतरला, मोठ्या संघात गेला. एका वसंतात एक गाजलेली शर्यत त्याने जिंकली आणि रेडिओवर त्याचे नाव आले. ओदिल आणि झुल्मा रेडिओपाशी बसले होते. निवेदक ओरडत होता आणि ही दोघे जमिनीकडे पाहत होती. शेवटी झुल्मा म्हणाली, "पाय कुठे धुतले असतील त्याने?" ओदिल उठून बाहेर गेला.

एकदा रोंडे आमच्यापासून जवळच्या टेकडीवरून जाणार होती. दोघे तिथे जाऊन गर्दीत उभे राहिले. परत आल्यावर झुल्मा शाल काढत म्हणाली, "सगळेच चिखलाचे होते. मी त्याला ओळखलं नाही." मला इतके वाईट वाटले! मला नेले असते तर मी ओळखले असते. डाव्या अंगठ्याला नख नाही, उजव्या तळव्याला चीर. पण टबाला कोण शर्यत दाखवायला नेतो?

मग काळ बदलला. स्पर्धकांना बस आल्या, बसमध्ये शॉवर आले. दारोदार पाणी मागणारे गडी दिसेनासे झाले. धुलाईचे यंत्र आले आणि माझी रवानगी कोळशाच्या खोलीत झाली. ओदिल वारला. मी अंधारात होतो, मला ते पावलांवरून कळले. घरात एकच जोडी पावले उरली आणि तीही हळू पडू लागली.

ओदिलची पुतणी नाडिन अधूनमधून यायची. मनाने चांगली, पण हाताला भारी चळवळ. एके दिवशी तिने मला बाहेर काढले, उलटे केले आणि ड्रिलने माझ्या तळाला तीन भोके पाडली. मग माती भरून जिरेनियम लावले. "काकू, बघ किती छान दिसतं दारात!" ती म्हणाली.  मित्रांनो, आयुष्यभर फुले मागितली आणि मिळाली ती अशी. पाणी धरता येत नाही असा टब म्हणजे मी आता नुसता एक खोलगट पत्रा होतो.

पण जत्रेचा सोमवार आला की झुल्मा किटलीत पाणी तापवायची आणि माझ्याशेजारच्या बाकावर आणून ठेवायची. आधी वाफ दिसायची, मग दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी ते पाणी ती माझ्याच मातीत ओतायची आणि आत जायची. मग तेही थांबले. तिला विसर पडू लागला आणि नाडिनने तिला गावातल्या वृद्धाश्रमात नेले. घराला कुलूप लागले. जिरेनियम वाळले. एक अख्खा हिवाळा मी त्या दारात बसून काढला. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यात सिगारेटचे थोटूक टाकण्यापलीकडे माझा काही उपयोग उरला नव्हता.

आणि मग एका जत्रेच्या सोमवारी एक म्हातारा सायकलवरून आला. नाडिन घर विकायच्या आधी सामान आवरत होती. म्हातारा दारापाशी उतरला आणि घर न्याहाळू लागला. नाडिन बाहेर आली.

"काही हवंय का तुम्हाला?"

"नाही. हो." त्याने टोपी काढली. "झुल्मामावशी इथंच राहायची ना?"

नाडिनने त्याच्या रुंद खांद्यांकडे पाहिले. "तुम्ही फिर्मिन का हो?"

तो दचकला. "कसं ओळखलंत?"

"कसं म्हणजे? काकू दर जत्रेला पाणी तापवून तुमची वाट बघायची. आम्ही चिडवायचो तिला. म्हणायचो, अगं, तो आता मोठ्या हॉटेलात अंघोळ करतो."

म्हातारा बाकावर बसला. "माझी वाट बघायची?" तो म्हणाला. "आणि मी कितीदा गावाच्या पाटीपर्यंत येऊन मागं फिरलो! मला वाटलं, मी काकांना तसं बोललो, आता ही माणसं माझं तोंड बघणार नाहीत."

"काकांना वाटायचं, तुम्ही त्यांचं तोंड बघणार नाही," नाडिन म्हणाली. "त्या दिवसानंतर काकांनी बिअरला हात लावला नाही. कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या मयतीला नाही. मरेपर्यंत."

आमच्या मुलखात बिअर सोडणे म्हणजे काय, ते फिर्मिनला सांगावे लागले नाही. त्याने तोंड ओंजळीत धरले. मग त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. त्याने वाळलेली रोपे उपटली, माती काढली, मला उलटे केले आणि भोके पाहिली.

"हे कुणी केलं?"

"मी," नाडिन म्हणाली. "का हो?"

"पोरी, तू याला पंक्चर केलंस." आणि तो हसला. त्याने सीटखालची पिशवी उघडली, काचकागद काढला, माझा तळ खरवडला, सोल्यूशन लावून फुंकर मारली आणि तीन ठिगळे दाबून बसवली. मग माझ्यात पाणी भरून कान लावून बसला, ट्यूब तपासतात तसा. त्याच्या बोटांना रबराचा वास होता, आणि मला तर अजूनही विटांचा आला. कितीतरी वर्षांनी मी पाणी धरून होतो.

नाडिनच्या गाडीतून आम्ही वृद्धाश्रमात गेलो. दारातली परिचारिका आडवी आली. "आजोबा, हे गंजकं काय आणलंत? आमच्याकडे शॉवर आहेत!"

"आत्ताच पंक्चर काढलंय बाई. गळलं तर मी पुसेन."

झुल्मा खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. हातांची रुंदी तेवढी उरली होती, बाकी सगळी आटली होती. तिने फिर्मिनकडे पाहिले आणि पुन्हा खिडकीकडे पाहिले. तिला काहीच ओळख लागली नाही.  फिर्मिनने मला तिच्यापुढे ठेवले आणि नळाचे गरम पाणी बादलीने आणून माझ्यात ओतले.

वाफ वर आली तशी झुल्मा वाकली. बाही सावकाश वर सारली आणि कोपर पाण्यात घातले. तिची कातडी कागदासारखी झाली होती, पण ते कोपर मी कुठेही ओळखले असते.

"बूट काढ," ती म्हणाली. "सगळीकडे चिखल करू नकोस."

बाहेर कोरडे ऊन होते आणि त्याच्या बुटांना धूळही नव्हती. त्याने मुकाट्याने बूट काढले, मोजे काढले आणि पाय माझ्यात घातले. डाव्या अंगठ्याला नख नव्हते. उजव्या तळव्यावर जुनी चीर होती, दोरीसारखी उंच. झुल्मा त्या पायांकडे पाहत राहिली. मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फार उशीर केलास रे," ती म्हणाली.

"मावशी, मी शेवटचा आलो."

"असू दे. पाणी गरम आहे."

फिर्मिन रडू लागला, पहिल्या वर्षी रडला होता तसाच. ती त्याच्या गुडघ्यावर थोपटत राहिली. जरा वेळाने तिने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "जाताना ओदिलशी बोलून जा हं. तो बाहेरच उभा आहे पावसात. आत यायला लाजतोय."

नाडिन भिंतीकडे वळली.  माझ्यातले पाणी त्याच्या पायांभोवती हलत होते.

"बोलतो, मावशी," फिर्मिन म्हणाला. "आत्ताच बोलतो."

त्या दिवशी तो वृद्धाश्रमातून चर्चमागच्या दफनभूमीत गेला. तिथे काय बोलला ते मला ठाऊक नाही. मी नाडिनच्या गाडीत होतो. यायला मात्र त्याला पुष्कळ वेळ लागला.

झुल्मा त्याच हिवाळ्यात गेली. फिर्मिनने फुले आणली, एवढी मोठी की नाडिनच्या स्वयंपाकघरातल्या एकाही भांड्यात मावेनात. ती रात्रभर माझ्यात ठेवली. "जिंकून आणायची होती," तो नाडिनला म्हणाला. "विकत आणावी लागली." मी ती फुले सकाळपर्यंत धरून होतो. तीन ठिगळांतून एक थेंब गळला नाही. सकाळी ती उचलून नेली आणि मी पुन्हा रिकामा झालो.

आता मी फिर्मिनच्या गॅरेजमध्ये असतो, भिंतीला टेकून, त्याच्या जुन्या सायकलीशेजारी. तिला माझ्या सोबतीचे फारसे अप्रूप नाही. फिर्मिनही थकला आहे, क्वचितच इकडे येतो. बाहेरून शर्यती जातात, बसची घरघर ऐकू येते, कधी घंटाही ऐकू येते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने भांडे असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि तुम्ही रागावून ज्या दारातून निघून आला असाल, त्या दाराशी परत जा. ती माणसे आपले तोंड बघणार नाहीत असे स्वतःच ठरवून गावाच्या पाटीवरून मागे फिरू नका. कितवे आलात हे तिथे कुणी विचारणार नाही. पण दाराबाहेर पावसात हॅट हातात घेऊन जो उभा आहे, तो फार काळ उभा राहत नाही. तो आहे तोवर जा.